बुलेटची टकटक : इंजिन खोलण्याआधी काय ऐकावं

चालू इंजिनात एका सेकंदात किती भाग एकमेकांवर आपटत असतात याचा हिशेब केला, तर आवाज एवढाच कसा येतो याचं नवल वाटतं. जुन्या 350 सीसी बुलेटचं उदाहरण घेऊ. गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला साधारण 900 फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला 15. तेवढ्या वेळात पिस्टन 15 वेळा वर जातो आणि 15 वेळा खाली येतो. दोन्ही व्हॉल्व्ह सात-आठ वेळा उघडतात आणि स्प्रिंगच्या जोराने आपापल्या बैठकीवर आपटून बंद होतात. तितक्याच वेळा पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात एवढं सगळं चालू असताना इंजिनाने गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून "इंजिनातून आवाज येतो" ही तक्रार अर्धवट असते. "परवापर्यंत येत नव्हता तो आवाज आज येतो" ही खरी तक्रार. या लेखात अशा नव्या आवाजाचा माग कसा काढायचा ते सांगतो. आपल्या वर्गातल्या कुणाकडेच अजून लायसन्स नाही, पण ऐकायला लायसन्स लागत नाही. आणि घरोघरी मोटारसायकली आहेत, त्यामुळे पालकांनाही याचा उपयोग होईल असं वाटतं.

मी हे शिकलो ते आमच्या ऑटो हॉबी क्लबमध्ये. तिथले उस्ताद लष्कराच्या ईएमईमधून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक जुनी, बिडाच्या सिलिंडरची बुलेट आहे. क्लबमध्ये पहिले दोन रविवार त्यांनी आम्हाला पान्याला हात लावू दिला नाही. नुसतं गाडीभोवती उभं केलं. "पहले सुनो, फिर खोलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुरुवातीला आम्हाला ती शिक्षाच वाटली होती.

बुलेटवर शिकण्यात एक सोय आहे. हे एकच सिलिंडरचं, सावकाश चालणारं इंजिन आहे. आत पिस्टनचा व्यास 70 मिलिमीटर आणि त्याची धाव 90 मिलिमीटर. गणित करून पाहा, 346 घन सेंटिमीटर येतात. एवढा मोठा पिस्टन एवढी लांब धाव घेतो, त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. लष्करासाठी ही गाडी नवी नाही. 1955 साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली त्यामागे आपल्या लष्कराला हव्या असलेल्या बुलेट हे मोठं कारण होतं. पुढे सिग्नल्सचे डिस्पॅच रायडर याच गाडीवरून फिरले.

आता ऐकण्याकडे वळू. सगळ्यात आधी ठोके मोजायचे. सेकंदाला पंधरा ठोके कुणालाच मोजता येत नाहीत, पण सायलेन्सर आपल्यासाठी ताल धरत असतो, त्याच्याशी तुलना करता येते. इंजिन फोर-स्ट्रोक आहे, म्हणजे क्रँकचे दोन फेरे झाले की मिश्रण एकदा पेटतं आणि सायलेन्सरमधून एक "धड" बाहेर पडतं. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमही क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतात. त्यामुळे प्रत्येक "धड"बरोबर एक "टक" येत असेल, तर तो आवाज बहुधा कॅम, पुशरॉड, टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा सायलेन्सरचा पाइप यांपैकी कुठून तरी येतो आहे. एका "धड"मागे दोन "टक" येत असतील, तर आवाज क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला होतो आहे, म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड किंवा क्रँककडे संशय जातो.

परेडचं उदाहरण घेतलं तर हे पटकन कळतं. मार्च करताना मोठा ड्रम डाव्या पायावर वाजतो. प्रत्येक पाऊल म्हणजे क्रँकचा एक फेरा, आणि ड्रम म्हणजे कॅम. रांगेत कुणाच्या बुटाची नाल सैल झाली असेल आणि ती फक्त ड्रमबरोबर वाजत असेल, तर डावाच बूट तपासायचा.

इथे एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. पिस्टन आणि बिगएंडवर सगळ्यात मोठा जोर मिश्रण पेटतं त्या वेळी येतो, आणि ते दोन फेऱ्यांत एकदाच घडतं. त्यामुळे खालचा भाग झिजला असला तरी कधीकधी एकच ठोका मोठा आणि दुसरा अगदी बारीक येतो, आणि मोजणारा फसतो. नुसत्या ठोक्यांवरून निकाल देऊ नये. यावरून फक्त चौकशी कुठून सुरू करायची ते ठरतं.

मग आवाजाची जात पाहायची. आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत की निम्मं निदान शब्दातच होतं. शिलाई मशिनीसारखी कोरडी, बारीक "टिकटिक" वरच्या बाजूने येत असेल तर टॅपेटचा विचार करावा. लाकडी दारावर मुठीने मारल्यासारखी दबकी "ठकठक" गार इंजिनात येते आणि गाडी तापली की कमी होते, तो बहुधा सिलिंडरमध्ये सैल झालेला पिस्टन. गार असताना पिस्टन आणि सिलिंडरमध्ये जागा जास्त असते, त्यामुळे पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर कलतो. तापून फुगला की ती जागा भरते. अगदी खालून, पायाखालच्या जमिनीपर्यंत पोचणारा जड "गुडूप-गुडूप" ठोका हा बिगएंडचा. चढावर, मोठ्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत असताना काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखी "किणकिण" येते ते नॉकिंग. त्यात कुठलाही भाग सैल झालेला नसतो. मिश्रण वेळेआधी किंवा एकदम भडकून पेटत असतं. इग्निशनचं टायमिंग पुढे गेलेलं, हेडमध्ये कार्बन साचलेला, पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ, अशी त्याची कारणं असतात. पुष्कळदा खालचा गिअर टाकल्यावर ती लगेच थांबते.

तिसरा प्रश्न : आवाज कधी वाढतो आणि कधी कमी होतो? हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे आणि लोक नेमका हाच विसरतात. गार इंजिन आणि तापलेलं इंजिन, दोन्ही ऐकावीत. ऑइल तापलं की पातळ होतं, त्यामुळे बेअरिंगमध्ये झीज असेल तर आवाज सहसा गाडी तापल्यावर वाढतो. पिस्टनचा आणि सायलेन्सरच्या गळक्या जोडाचा आवाज उलट तापल्यावर कमी होतो, कारण धातू फुगून फट बुजते. मग जोर बदलून पाहायचा. चढ, उतार, एक्सिलेटर सोडणं, पुन्हा देणं. शेवटी उभ्या गाडीत क्लच दाबायचा. क्लच दाबताच आवाज गेला किंवा बदलला, तर बिचाऱ्या पिस्टनला उगीच दोष देऊ नये. भानगड क्लच किंवा गिअरबॉक्सकडे आहे.

हे सगळं झाल्यावरच जागा शोधायची. यासाठी उस्तादांकडे दोन अवजारं आहेत आणि दोन्ही फुकटात मिळतात. एक लांब स्क्रू ड्रायव्हर, दुसरा हातभर रबरी नळीचा तुकडा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या भागावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या पाळीपुढच्या हाडाला लावायची. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं ऐकू येतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीच्या वेगांचा तक्ता आहे : हवेत 346 मीटर प्रति सेकंद, पोलादात 5960. (346 हा आकडा बुलेटच्या सीसीशी जुळतो हा योगायोग. पण यामुळे मला तो तक्ता पाठ झाला.) माझ्या वर्गमित्राचं म्हणणं होतं की पोलादात आवाज लवकर पोचतो म्हणून हे जमतं. तसं नाही. दोन फुटांच्या अंतरात वेगाचा काय फरक पडणार? खरा फायदा असा की ज्या भागाला टोक टेकवलं आहे त्याचीच थरथर सळईतून सरळ हाडापर्यंत येते. हवेतून सगळीकडे मिसळलेला गोंगाट तुलनेने मागे पडतो.

रबरी नळीचं काम वेगळं आहे. वायू निसटत असेल तर तो आवाज हवेतच असतो, धातूत फारसा नसतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर फसवतो. नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक गास्केट, पाइप आणि कार्बोरेटरच्या जोडांजवळून फिरवायचं. निसटणारा वायू फटीजवळ आल्यावर एकदम कानात फटकारतो.

हे करताना काही गोष्टी सांभाळायच्या असतात. गाडी उघड्यावर हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून अजिबात ऐकत बसू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला कळत नाही. बाह्या दुमडलेल्या, लॅनयार्ड काढलेला, हात चेन आणि चाकापासून लांब. सायलेन्सरला पोटरी लागली तर काय होतं ते आमच्या क्लबमध्ये एकाच्या पायावर छापलेलं आहे.

बुलेटमध्ये जागेवरून अंदाज बांधायला थोडी ओळख लागते. जुन्या गाडीत बसलेल्याच्या उजव्या हाताला टायमिंगचे गिअर, कॅम, ऑइल पंप आणि वर जाणारे दोन पुशरॉड असतात. डाव्या हाताला प्रायमरी चेन आणि क्लच. डावीकडच्या केसमधून "खळळ-खळळ" अशी साखळी आपटल्यासारखी आली तर प्रायमरी चेन सैल आहे. ती ताणता येते, त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. उजवीकडची टिकटिक मात्र घोटाळा करते, कारण पुशरॉड आणि सायलेन्सरचा पाइप दोन्ही त्याच बाजूला असतात. याचं एक उदाहरण मी घरी पाहिलं.

आमचे आजोबा, म्हणजे आबा, सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते. निवृत्तीनंतर त्यांनी घेतलेली बुलेट सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी आहे. गेल्या मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो तेव्हा गाडी ताडपत्रीखाली उभी होती. टकटक सुरू झाली म्हणून बाबांनी ती तालुक्याला नेली होती. तिथल्या मिस्त्रींनी दोन-तीनदा रेस देऊन ऐकलं आणि बिगएंड गेलं म्हणून सांगितलं. क्रँक काढा, नवीन रॉड टाका, बोअर मारा, पिस्टन बदला. अंदाज 18 हजारांचा. आठवड्यातून दोनदा बाजाराला जाणाऱ्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं बाबांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. शेजारच्या गावातून एक गिऱ्हाईकही येऊन गेलं होतं. बिगएंड गेलं म्हटल्यावर त्याने भंगाराच्या भावात मागितली. आबा यावर फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "विकायची तर विका. पण मोडकी म्हणून विकू नका."

मी बाबांकडे दोन दिवस मागून घेतले.

पहिल्या सकाळी गाडी पूर्ण गार असताना सुरू केली. टकटक पहिल्या ठोक्यापासून स्पष्ट होती आणि प्रत्येक "धड"मागे एकच होती. कोरडी, तीक्ष्ण, चुटकी वाजवल्यासारखी. मी आबांना विचारलं, "आबा, तुम्हाला ऐकू येतोय का तो आवाज?" ते गाडीच्या अगदी जवळ आले, वाकले आणि म्हणाले, "मला तर गाडी चांगली वाटतेय." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आबांना हल्ली कमी ऐकू येतं. पण मला हीच मोठी खूण वाटली. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू यायचे थांबतात. खालच्या पट्टीचे बराच काळ ऐकू येतात. आबांना सायलेन्सरची धडधड नीट ऐकू येत होती. बिगएंडचा जड ठोका असता तर तोही त्यांना ऐकू आला असता, निदान फूटरेस्टवर पाय ठेवल्यावर जाणवला असता. त्यांनी पाय ठेवून पाहिला. काही नाही.

दहा मिनिटांनी इंजिन तापलं आणि टकटक निम्म्यावर आली. बिगएंड असतं तर ती वाढायला हवी होती. ऑइल तपासलं, पातळी बरोबर होती. मग बाबांनी गाडी मारुतीच्या देवळाकडच्या चढावर नेली आणि मी मध्यावर उभा राहून ऐकलं. चढताना टकटक वाढली. यावरून काहीच ठरत नव्हतं, कारण जोर आल्यावर बिगएंडही वाजतं आणि गळका जोडही. निकाल लागला तो उतरताना. बाबांनी एक्सिलेटर सोडला आणि सायलेन्सरमधून फटाक्यांसारखं पट-पट-पट वाजू लागलं. एक्सिलेटर सोडल्यावर इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोल पाइपमध्ये जातं. वाटेत फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि ते पेट्रोल तिथेच पेटतं. बिगएंड गेल्यामुळे सायलेन्सरमध्ये फटाके वाजत नाहीत.

तरी टॅपेट राहिले होते. ते बघायला इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून दुसरी सकाळ. हे काम आबांनी स्वतः केलं, मी फक्त पाने दिले. सिलिंडरच्या उजव्या अंगाला टॅपेटचं छोटं झाकण असतं, ते एका नटवर निघतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या धावेत अगदी वर आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचे. ते बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. वर-खाली हलले तर सैल आहेत आणि टिकटिक करणार. फिरलेच नाहीत तर घट्ट आहेत, आणि हे जास्त वाईट. टॅपेट घट्ट असले की गाडी छान शांत चालते, पण व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण टेकत नाही. व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः त्या बैठकीतूनच. ती वाट बंद झाली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. बुलेटवाल्यांना थोडी टिकटिक चालते ती यामुळे. आबांनी दोन्ही पुशरॉड फिरवले, डोळे मिटून वर-खाली हलवून पाहिले आणि झाकण परत लावलं. "टॅपेट बरोबर आहेत."

राहिला पाइप. गाडी सुरू करून मी नळी हेडजवळच्या जोडावर नेली आणि कान झटक्यात मागे घ्यावा लागला. इंजिन बंद करून, गार होऊ देऊन पाहिलं तर जोडाच्या खालच्या बाजूला काजळीची काळी रेघ होती. वरून पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती. पाइपला खाली धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट सैल होऊन पाइप हेडमधून किंचित सरकला होता. आबांनी पाइप काढून दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने घासली, सायलेन्सरची पेस्ट लावली, पाइप पुन्हा ठोकून बसवला आणि नटाखाली नवा स्प्रिंग वॉशर टाकला. पेस्टची ट्यूब आणि वॉशर मिळून खर्च शंभराच्या आत. टकटक गेली आणि फटाकेही गेले.

मिस्त्रींना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांची बाजूही पाहायला हवी. बाबा गाडी चालवत तालुक्याला नेत होते, म्हणजे ती त्यांच्यापर्यंत तापूनच पोचत होती. गार इंजिन त्यांनी ऐकलंच नव्हतं. दुकान बसस्टँडसमोर, आणि दारात आणखी चार गाड्या. जोरात रेस दिली की सगळे ठोके एकमेकांत मिसळतात. अशा वेळी सायलेन्सरच्या तालाशी तुलना करायला वावच राहत नाही. गिऱ्हाइकानेही एवढंच सांगितलेलं, "आवाज येतोय, बघा." गार असताना येतो, तापल्यावर कमी होतो, एक्सिलेटर सोडल्यावर फटाके वाजतात, हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनीही बहुधा पहिला हात पाइपलाच घातला असता.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यात. हल्लीच्या बहुतेक मोटारसायकलींत पुशरॉड नसतात. कॅम वर हेडमध्ये असतो आणि त्याला एक टायमिंग चेन फिरवते. ती सैल झाली किंवा तिचा टेन्शनर अडकला तर सिलिंडरच्या एका अंगाने "खरखर" येते, विशेषतः एका ठरावीक वेगाला किंवा एक्सिलेटर सोडताना. अशा गाड्यांचे टॅपेट फीलर गेजने, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे सेट करतात; बोटांनी फिरवून पाहण्याची युक्ती तिथे चालत नाही. काही वर्षं बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले होते. त्यांत सेट करण्यासारखं काही नसतं. सकाळी सुरू केल्यावर ऑइल वर पोचेपर्यंत ते क्षणभर वाजतात आणि मग गप्प होतात. ते तसेच वाजत राहिले तर आधी ऑइल बघावं. आणि कुठलीही गाडी असो, इंजिनाला दोष देण्याआधी चेनचं कव्हर, सायलेन्सरचा पत्रा, नंबर प्लेट आणि इंजिन चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट हाताने हलवून पाहावेत. उस्ताद म्हणतात, निम्मे रोगी इथेच बरे होतात. त्यांनी मोजले असतील असं वाटत नाही, पण मी स्वतः नंबर प्लेटचे दोन रोगी पाहिले आहेत.

काही आवाजांच्या बाबतीत मात्र ऐकत बसायचंच नाही. खालून जड ठोका येतोय आणि प्रत्येक किलोमीटरला वाढतोय, तर तिथेच इंजिन बंद करावं. बिगएंड तुटलं तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. चालत्या गाडीत अचानक किंचाळल्यासारखा आवाज येऊन इंजिन जड झालं, तर क्लच दाबून गाडी बाजूला घ्यावी; पिस्टन सिलिंडरमध्ये अडकू लागला असेल तर पुढच्या क्षणी मागचं चाक लॉक होऊ शकतं. ऑइलचा दिवा लागला असेल आणि आवाजही बदलला असेल, तर "घरापर्यंत पोचू" हा विचार करू नये. या तिन्ही वेळी गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी.

शेवटी रेकॉर्डिंगबद्दल, कारण सुट्टीनंतर बाबांनी मला विचारलं की पुन्हा आवाज आला तर फोनवर पाठवू का. शाळेत रविवारीच घरच्यांशी बोलता येतं, त्यामुळे ते मला ऐकवतील ते तेवढ्याच वेळात. पाठवायला हरकत नाही, पण फोन मोठा आवाज आपोआप लहान करतो आणि लहान आवाज मोठा करतो, त्यामुळे आवाज वाढला की कमी झाला हे रेकॉर्डिंगवरून कळत नाही. खालच्या पट्टीचा जड ठोकाही फोनच्या छोट्या स्पीकरमधून नीट बाहेर येत नाही. ठोक्यांची तुलना मात्र छान करता येते. म्हणून फोन सायलेन्सरच्या तोंडाशी न धरता इंजिनाच्या उजव्या आणि डाव्या बाजूला हातभर अंतरावर अर्धा-अर्धा मिनिट धरावा, रेस न देता. एक रेकॉर्डिंग पहाटेच्या पहिल्या किकपासून आणि दुसरं बाजारातून परत आल्यावर. आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला तोंडाने सांगावं : गाडी गार आहे की तापलेली, बाजू उजवी की डावी.